कुंकू लागलेली रेडियमची पाटी

गेल्या वर्षी खंडेनवमीला, संध्याकाळी साडेसहा वाजता, ग्वाल्हेरजवळच्या मुरारच्या पलीकडच्या छोट्या धावपट्टीवर उतरायला आलेलं एक विमान चाकं टेकता टेकता पुन्हा वर निघून गेलं. वैमानिकाला धावपट्टीच्या डाव्या कडेला अंधार दिसला होता. त्या अंधारात मी उभी होते.

मित्रांनो, मी एक जुनी रेडियमची पाटी आहे. माझ्यात रेडियम औषधालाही नाही. पण ट्रकच्या मागे आणि सायकलच्या मडगार्डवर चमकणाऱ्या पट्टीला ग्वाल्हेरात सगळे रेडियमच म्हणतात, म्हणून माझंही तेच नाव पडलं. माझा जन्म एका कारखान्यात झाला. काचेच्या अगदी बारीक मण्यांचा थर एका चादरीवर बसवला, ती चादर पत्र्यावर चिकटवली आणि पत्रा एका खुंटावर ठोकला. खुंट मुद्दामच तकलादू ठेवला आहे. चाक लागलंच तर मी मोडून पडावं, विमानाला काही होऊ नये, यासाठी.

मोठ्या विमानतळांवर कडेने दिवे लागतात. त्यांना तारा लागतात, वीज लागते. आमच्या धावपट्टीवर वीज म्हणजे ऑफिसातला एक पंखा आणि दोन बल्ब, तेही वारा सुटला की बंद. म्हणून धावपट्टीचे मालक माधवराव यांनी दोन्ही कडांना आमच्या रांगा लावल्या.

माझ्याजवळ स्वतःचा उजेड नाही. विमान समोरून आपला दिवा टाकतं आणि तो उजेड जिथून आला तिथेच मी परत पाठवते. त्यामुळे मी फक्त वैमानिकाला दिसते. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला मी साधी काळपट पाटीच.

हे ओळखून उमाजी आमची तपासणी वेगळ्या रीतीने करत. उमाजी म्हणजे या धावपट्टीची देखभाल करणारे गृहस्थ. रोज दिवस मावळला की ते टोकाला उभे राहत, बॅटरी कपाळाशी, डोळ्यांना लागून धरत आणि रांगेकडे बघत. जी पाटी अंधुक दिसेल तिला साबणाच्या पाण्याने धूत. उन्हाळ्यात लू, म्हणजे इकडचा तापलेला वारा, आमच्या तोंडावर धूळ फासायची, मैना डोक्यावर बसून आपला प्रसाद ठेवून जायच्या. उमाजींनी कधी कुरकुर केली नाही. पाहुणे आले की म्हणायचे, "वाह, बिना बिजलीचं एअरपोर्ट!" आणि आम्ही ताठ उभ्या राहायचो.

उमाजींचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर इकडे आलेले. घरी भिंतीवर एक तलवार आहे. दर खंडेनवमीला तिला तेल लावतात, हळदकुंकू वाहतात आणि दसऱ्यापर्यंत तिला हात लावत नाहीत. गेल्या नवमीच्या सकाळी ते ताट घेऊन थेट आमच्याकडे आले.

"माधवरावसाहेब, यंदा यांचीही पूजा. शस्त्रंच आहेत की ही आपली!"

"करा, करा," माधवराव हसले. "विमान आलं की त्यालाही हार घाला. फक्त त्याचा पंखा थांबू द्या आधी."

उमाजींनी तलवारीसारखंच आमच्या तोंडाला तेल चोळलं, त्यावर हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. डाव्या कडेच्या सुरुवातीच्या काही पाट्यांनंतर तेल संपलं. मी त्या मान मिळालेल्यांपैकी एक. खोटं कशाला सांगू, मी सुखावले होते. दुपारी वारा सुटला आणि सगळी धूळ त्या तेलावर येऊन बसली.

संध्याकाळी उमाजींनी बॅटरी घेतली नाही. पूजेला बसवलेल्या शस्त्राला हात कसा लावायचा?

नेमकी त्याच दिवशी निवेदिता इंदूरहून दुरुस्त झालेलं विमान घेऊन येत होती. निवेदिता ग्वाल्हेरच्या दाना ओलीत वाढलेली, इथेच शिकून वैमानिक झालेली. वाटेत ढगांना वळसा घालताना तिला उशीर झाला आणि पेट्रोलचा काटाही खाली आला होता. उतरता उतरता तिने विमान वर घेतलं. ऑफिसातल्या रेडिओवर तिचा आवाज आला.

"काका, उजवी लाइन दिख रही है, पण डावी सुरुवातीला एकदम गायब! रनवे तिथेच आहे ना?"

उमाजी पळत आले. बॅटरी कपाळाशी धरली आणि तसेच थिजले. मग खांद्यावरच्या कोऱ्या उपरण्याने माझं तोंड पुसू लागले. तेल आणखी पसरलं. माझ्यावर उजेड पडत होता आणि मला तो परत देता येत नव्हता.

"डावी विसर, बेटा," माधवराव रेडिओवर म्हणाले. "उजवी धर. तिला सोडू नकोस."

तिने उजवी धरली, जरा जास्तच धरली. त्या रांगेतली एक पाटी चाकाखाली गेली. खुंट मोडला, विमान मात्र धड उतरलं.

निवेदिता चालत माझ्यापाशी आली. माझ्यावरून बोट फिरवलं आणि ते लाल झालेलं बघितलं. "काका, ये क्या? कुंकू?"

"नवमी होती ना, पोरी. पूजा केली."

"अहो, आप भी ना! देवीपाशी मलाच पोहोचवत होतात!" ती हसली.

माधवराव हसले नाहीत. "उद्यापासून अंधार पडल्यावर इथे कोणी उतरणार नाही. या पाट्या काढू. विजेचे दिवे लावू."

"पाट्यांची चूक नाही, साहेब," उमाजी म्हणाले. "मला काढा. यांना राहू द्या."

मग निवेदिता म्हणाली, "कोणाला नका काढू. पुढच्या नवमीला संध्याकाळी मीच उतरून दाखवते. मग ठरवा."

"पाहू," माधवराव म्हणाले.

त्यानंतर वर्षभर संध्याकाळी विमान आलं नाही. तारांसाठी चर खणला गेला, त्यात पाणी साचलं, बेडूक आले. आमच्याकडे कोणी बघेना. उमाजी तेवढे रोज बॅटरी कपाळाला लावून येत राहिले.

मित्रांनो, मान सगळ्यांनाच आवडतो. पण एखाद्या वस्तूचा मान करण्याआधी ती काम कशी करते, ते विचारा. तुमच्या सायकलच्या मागची पट्टी चिखलाने माखली असेल तर तिला फूल वाहू नका. ओलं फडकं घ्या आणि पुसा. मागून येणाऱ्याला तुम्ही दिसाल.

आज पुन्हा नवमी आहे. सकाळी उमाजी ताट घेऊन आले. आधी माझं तोंड साबणाने धुतलं, कोरडं केलं. मग वाकून मागच्या बाजूला, खुंटाच्या बुडाशी कुंकू लावलं. दिवस मावळल्यावर त्यांनी बॅटरीही कपाळाशी धरली. "देवी रागावली तर माझ्यावर रागावेल," असं पुटपुटत त्यांनी पूर्ण रांग तपासली.

माधवराव खुर्ची टाकून बाहेर बसले आहेत. चरातलं पाणी आटलं आहे, तारांची गुंडाळी शेडमध्ये पडून आहे. मुरारच्या बाजूने निवेदिताच्या विमानाचा आवाज आला. आता ते वळलं. त्याचा दिवा लागला आहे, पण तो उजेड अजून माझ्यापर्यंत पोहोचलेला नाही.