हिरव्या चिठ्ठ्या

वैजयंतीने चॅरिटीला द्यायच्या पिशवीत हात घालून पुरणयंत्र पुन्हा बाहेर काढून ओट्यावर ठेवलं. ही तिसरी वेळ. दोनदा तिने ते काढलं होतं आणि दोनदा कमलाकररावांनी ते उचलून जुन्या पडद्यांच्या सोबतीला परत पिशवीत टाकलं होतं.

"अगं, तिथे कोण पुरण घालणार आहे?" ते दारातून म्हणाले. हातात खोक्यांवर चिकटवायच्या हिरव्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता आणि प्रत्येकीवर छापलेलं, इटली. "तिथे ताजा पास्ता मिळतो."

"तुम्हाला मिळो."

"आपल्याला, वैजू. आपल्याला."

पुन्हा तेच! या 'आपल्या'पायी तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. गेल्या सप्टेंबरात मित्रमंडळी जेवायला आली असताना नवरोजींनी जाहीर केलं होतं, की आपण इटलीला राहायला चाललोय, डोंगरावरच्या एका गावात, घरसुद्धा पाहून झालंय. वैजयंती तेव्हा पोळ्यांना तूप लावत होती. नॉटिंगहॅममधल्या तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात तिला ही बातमी पाहुण्यांबरोबरच कळली. त्यांच्यातली नीना म्हणाली, "नशीबवान आहेस हं!" जेवणं आटोपली, भांडी घासून झाली, पण तुला जायचंय का, हे कुणी विचारलं नाही.

चौतीस वर्षांपूर्वीही हेच. नागपूरच्या शाळेतली तिची नोकरी कायम होऊन जेमतेम महिना झाला होता आणि कमलाकरराव इंग्लंडच्या विमानाची दोन तिकिटं घेऊनच घरी आले. तेव्हा ती रडली आणि मग तिने बॅग भरली.

आता तिला साठ वर्षं पूर्ण झाली होती आणि रडण्याचा कंटाळा आला होता. त्या गावात गाडी वरपर्यंत जात नाही. खालून घरापर्यंत चौऱ्याण्णव पायऱ्या, कमलाकररावांनी कौतुकाने मोजलेल्या. तिचे दुखरे गुडघे त्यांच्या हिशेबातच नव्हते. सहा वर्षं कौन्सिलच्या प्रतीक्षायादीत ताटकळून भाड्याने मिळालेला भाजीचा वाफा, लेस्टरच्या दुकानातल्या अळकुड्या पुरून, प्लॅस्टिकच्या छपराखाली थंडीशी भांडून वाढवलेली अळूची पानं, त्यांचं काय, हेही त्या हिशेबात नव्हतं. व्हिसाच्या फॉर्मवर सही कर, घर विकायच्या कागदांवर सही कर. तिने केल्या. वकिलाशी मात्र ती स्वतःच्या निम्म्या वाट्याबद्दल अर्धा तास एकटीच बोलून आली. काय बोललीस, एवढंसुद्धा या माणसाला विचारावंसं वाटलं नाही!

विचारलं, तर सगळं सांगायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. आठ महिने ती एका प्रश्नाची वाट पाहत राहिली. रोज सकाळी फोनवर इटालियनचे धडे गिरवत कमलाकरराव तिला "बुओनजोर्नो" म्हणायचे आणि चहाचा रिकामा कप पुढे करायचे. ती तो भरून द्यायची.

साडेनऊला व्हॅन आली. धिप्पाड ड्रायव्हरने हिरव्या चिठ्ठ्यांची खोकी एकेक करून बाहेर नेली. शेवटी मागच्या खोलीत नऊ खोकी उरली. एकावरही चिठ्ठी नव्हती.

"बघ, तुझ्या बॉक्सेसना लेबल्सच लावली नाहीस," कमलाकरराव वैतागले. "कशाचा म्हणून सीरियसनेस नाही तुला." आणि ते स्वतःच चिठ्ठी सोलून पुढे सरसावले.

"थांबा जरा," ड्रायव्हर म्हणाला. तो वैजयंतीकडे वळला. "हे सामान तुमचं ना? कुठे न्यायचं, लव्ह?" इथे अनोळखी बाईलाही म्हणतात तसं त्याने विचारलं.

वैजयंतीचे डोळे भरून आले आणि त्याचा तिला भयंकर राग आला. चौतीस वर्षांत हे विचारायला एक व्हॅनवाला यावा लागला!

"शेरवुडला," ती म्हणाली. "इथून दहा मिनिटं. तळमजल्याचा फ्लॅट आहे, एकही पायरी नाही."

"मग आधी तिथेच जाऊ," म्हणत त्याने पहिलं खोकं उचललं.

कमलाकररावांच्या बोटाला हिरवी चिठ्ठी तशीच चिकटून राहिली. त्यांनी भिंतींकडे पाहिलं, रिकाम्या होत चाललेल्या जमिनीकडे पाहिलं.

"वैजू, हे काय? मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

शेवटचं खोकं बाहेर गेलं. वैजयंतीने कोट घातला, वाफ्याच्या फाटकाची किल्ली खिशात आहे ना, ते चाचपून पाहिलं.

"आणि मी? मी तिथे एकट्याने काय करायचं?" कमलाकररावांनी विचारलं.

अखेर विचारलं. तेही स्वतःचंच.

ओट्यावरचं पुरणयंत्र उचलून तिने पोटाशी धरलं.

"तिथे ताजा पास्ता मिळतो," ती म्हणाली, आणि व्हॅनमध्ये चढायला ड्रायव्हरने दिलेला हात तिने धरला.