फुंकरीने उठलेली कोंबडी

शेडच्या दाराशी ही गर्दी! फुंकरबाबांनी टोपलीतून पांढरी कोंबडी काढली, उताणी निजवली, मान पंखाखाली खोचली आणि छातीवर तळहात ठेवून पुटपुटू लागले. कोंबडी दोनदा फडफडली, मग पाय वर करून निपचित पडली.

"गेली!" कुणीतरी कुजबुजलं.

"गेली नाही, रोगाने नेली!" बाबा गरजले. "आता मी परत मागतो. वर आपली ओळख आहे!"

त्यांनी फुंकर मारली, जोरात टाळी वाजवली. कोंबडी ताडकन उठली. एका म्हातारीने तर बाबांचे पायच धरले.

लस टोचणारी मुलगी बर्फाची पेटी घेऊन मागे उभी होती. शेड तिच्या सख्ख्या मावशीची. आत साडेतीनशे कोंबड्या, आणि कालव्यापलीकडच्या शेडमध्ये बर्ड फ्लूने परवाच एकही पक्षी शिल्लक ठेवला नव्हता. आज टोचलं तरी लसीचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागणार होते.

"मावशी, टोचू दे गं मला."

"बाबा म्हणतात, सुई लागली की कृपा उतरते." मावशी तिच्याकडे बघत नव्हती. "तुझी लस उठवते का मेलेली?"

"नाही."

"मग झालं तर!"

बाबा हसले. "कालव्यापलीकडून थेट इथेच आलोय. तिथे उशीर झाला, इथे होऊ देणार नाही." आणि चिखलाच्या चपलांनिशी ते शेडकडे वळले.

तो चिखल मेलेल्या कोंबड्यांच्या अंगणातला होता. मुलगी दारात आडवी उभी राहिली. "एक पाऊल पुढे टाकायचं नाही!"

"कार्टे, मोठ्या माणसाशी असं बोलतात?" मावशी कडाडली.

"मग ओरड हवं तेवढं. मी अशीच कोंबडी उठवून दाखवली, तर टोचू देशील?"

मावशी थबकली. "दाखव. नाही जमलं तर पेटी उचलायची."

मुलगी बोलून तर बसली. टोचण्यासाठी उताणी धरलेली कोंबडी कधी कधी हातातच अशी थिजते, हे तिने कितीदा तरी पाहिलं होतं. पण मुद्दाम थिजवायची वेळ कधी आली नव्हती. तिने नवे हातमोजे चढवले. मावशीने आतून तांबडी कोंबडी आणली.

पहिल्या खेपेला कोंबडी तिच्या नाकावर पंख मारून निसटली.

"बाई, आधी जिवंत तरी धरा!" गर्दी खिदळली.

घाईने छाती जास्तच दाबली गेली होती. दुसऱ्यांदा तिने मान हळूच खोचली, तळहात नुसता टेकवला आणि मनात वीस मोजले. तांबडी निपचित.

"मारलीत!" बाबा ओरडले. "आता माझ्याशिवाय उठायची नाही!"

"मावशी, पिसांत बोट घाल."

मावशीने घातलं आणि तिचे डोळे विस्फारले. "अगं, हे तर धडधडतंय!"

"आता टाळी वाजव."

"मी?"

"तूच."

टाळी वाजली. तांबडी उठली आणि अंग झाडून उभी राहिली.

"मावशी, आता तुमचे पाय धरायचे का?" मागून कुणीतरी म्हणालं.

"हे मरण नाही, भीती आहे," मुलगी म्हणाली. "शिकारी प्राण्याने धरलं की कोंबडी मेल्यासारखी पडते आणि पकड सुटली की पळते. आवाजाने उठते, कधी आपली आपणच उठते. फुंकर कशाला हवी?"

"श्रद्धा नसेल तिथे..." बाबांनी सुरुवात केली.

"मग कालव्यापलीकडच्या का नाही उठवल्यात?" पाय धरणाऱ्या म्हातारीनेच विचारलं.

बाबांनी टोपलीला हात घातला.

"टोपली इथेच राहील, कोंबडी तपासायला जाणार," मुलीने बजावलं. "आणि चपला औषधाच्या पाण्यात बुडवल्याशिवाय हलायचं नाही. वाटेत अजून शेड आहेत."

तिने बादली पुढे सरकवली. बाबांनी चपलांसकट पाय तिच्यात बुडवले.

"आणि तुझी लस?" मावशीने विचारलं. "ती तरी शंभर टक्के?"

"नाही. ती मेलेली उठवत नाही. रोग शिरल्यावर टोचून फायदा नाही. टोचल्यावरही बाहेरचं माणूस आत नको आणि एखादीने मान टाकली तर त्याच दिवशी कळवायचं. पण ती किती पक्षी वाचवते, हे मोजून पाहिलंय. माझ्यावरही आंधळा विश्वास नको, मावशी. विचार, तपास, पडताळून बघ. जो विचारूच देत नाही, त्याला मात्र दारात उभं करू नकोस."

मावशीने गमबूट चढवले.

"बरं बरं, भाषण पुरे. मी एकेक धरते, तू टोच. साडेतीनशे आहेत."