तुळसाबाईच्या कमरेची डबी

मित्रांनो, आपली जीवनकहाणी सांगायला जे जे पुढे येतात ते बहुतेक मानाचे असतात. कुणी शाळेची घंटा असते, कुणी गावची विहीर असते. त्यांनी जन्मभर कुणाचं तरी भलं केलेलं असतं. माझं तसं नाही. मी तुमच्या मुठीत मावेल एवढी एक जुनी पितळी डबी, आणि माझ्या पोटात तीस वर्षं गुडाखू होता.

गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गूळ मिळून केलेला काळा, चिकट लगदा. आमच्याकडच्या कितीतरी बाया तो बोटावर घेऊन दातांना घासतात. त्याला मंजन म्हणतात, पण ते मंजन नाही. एकदा लागलं की सुटत नाही.

मी जन्मतः अशी नव्हते, हे मात्र ऐकून घ्या. बोरी अरबच्या बाजारात एका म्हाताऱ्या आईनं मला विकत घेतलं. माझं झाकण फिरकीचं होतं, ते तिनं चार वेळा लावून-काढून पाहिलं आणि मला लेकीच्या लग्नात दिलं. लेकीचं नाव तुळसाबाई. तिच्यासोबत मी बाभुळगावला आले. माझ्या पोटात तेव्हा लवंगा असायच्या. घरात शिरणारा माणूस म्हणायचा, काय छान वास येतो. माझं कौतुक झालं ते तेवढंच.

तुळसाबाईला दिवस गेले तेव्हा तिची दाढ दुखायला लागली. एकेक करून लवंगा संपल्या. शेजारच्या सुखीबाईनं तिची अवस्था पाहिली, आपल्याकडचा चिमूटभर गुडाखू आणला आणि रिकामी डबी समोर दिसली म्हणून माझ्यातच ठेवला. दाढ बधिर झाली. तुळसाबाईला डोकं हलकं वाटलं. तिचा मुलगा धम्मरत्न जन्मला, रांगला, शाळेत गेला, त्याचं लग्न झालं, पण माझ्यात पुन्हा लवंग आली नाही.

पुढे तुळसाबाई अंगणवाडीत मदतनीस झाली. खिचडी शिजवायची, लेकरांचे हात धुवायचे, त्यांना चुळा भरायला लावायच्या. “दात घासले का रे?” असं ती पोरांना दरडावून विचारायची आणि मी तिच्या कमरेच्या पिशवीत गप्प बसून ऐकायची. तुम्हाला मित्रांनो म्हणायची सवय मला तिथलीच. रविवारी ती विहारात जायची. पंचशील म्हणताना चार शीलं ती खणखणीत म्हणायची, पाचव्याला, नशा न करण्याच्या शीलाला, तिचा आवाज बसायचा. घरी येऊन नवऱ्याला, मारोतीला, सांगायची की शीलात दारू आहे, गुडाखू थोडाच आहे. मारोती स्वतः खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खात असल्यामुळे त्याची बोलायची सोय नव्हती. सून रुपाली आणि नात उर्वशी यांना मात्र माझा पत्ता नाही, असं तुळसाबाई समजून होती.

मग सुखीबाईचं तोंड उघडेनासं झालं. आधी घास अडला, मग चमचा अडला. तिला नागपूरला नेलं. ती परत आली तेव्हा तिचा अर्धा गाल नव्हता, आणि उन्हाळ्याच्या आत ती गेली. तिच्या मातीवरून आल्यावर तुळसाबाईनं मला हातात घेतलं. मला वाटलं, आता फेकते. तिनं झाकण उघडलं आणि रोजच्यापेक्षा जास्त घेतलं. भीती वाटली की माणूस त्याच गोष्टीला घट्ट धरतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

गेल्या वर्षी तिची खालची दाढ हलायला लागली आणि गाल सुजून आला. चार दिवस तिनं पदर तोंडावर धरून काढले. शेवटी रुपालीनं तिला बसमध्ये घातलं आणि यवतमाळला दातांच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं. मी कमरेला होतेच. डॉक्टरीणबाई वयानं लहान होती, पण डोळे तीक्ष्ण. तिनं आरसा घालून पाहिलं, आणि दाढेजवळ गालाच्या आत एक पांढरा चट्टा दिसला तिथं तिचा हात थांबला.

“आजी, तंबाखू, गुडाखू, खर्रा, यातलं काही लावता का?” तिनं विचारलं.

खुर्चीत तुळसाबाईचं सगळं अंग ताठ झालं. सून शेजारी उभी होती. मला वाटलं, आता सांगेल, आता सांगेल.

“नाही जी बाई,” ती म्हणाली. “मी तं निंबाच्या काडीनं घासतो.”

डॉक्टरीणबाईनं आरसा ट्रेमध्ये ठेवला. मग तिनं पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. सूज उतरली की दाढ काढू, म्हणाली. येताना पोटभर जेवून या, उपाशी येऊ नका, बीपीची गोळी चुकवू नका, सोबत माणूस आणा. चट्ट्याचं पुढे पाहू, पण खरं काय ते कळलं तर माझं काम सोपं होईल, एवढंही तिनं हळूच सांगितलं. तुळसाबाईनं मान हलवली. परतीच्या बसमध्ये ती जिभेनं तो चट्टा चाचपत राहिली. सुखीबाईचं असंच सुरू झालं होतं, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

दाढ काढायच्या दिवशी तिनं दोन भाकरी वरणात चुरून खाल्ल्या. इंजेक्शनची सुई पाहून तिनं डोळे मिटले ते शेवटपर्यंत उघडले नाहीत. खरं तर दाढ निघाली ती तिला कळलीही नाही. काढण्यापेक्षा काढण्याची भीतीच तिला जास्त दुखली. डॉक्टरीणबाईनं कापसाचा बोळा दाताखाली दिला आणि रुपालीला सगळं समजावलं. तासभर बोळा दाबून ठेवायचा. थुंकायचं नाही, लाळ गिळायची. आज चूळ नाही, गरम काही नाही. उद्यापासून कोमट मिठाचं पाणी, तेही नुसतं तोंडात फिरवून सोडायचं. जखमेत रक्ताची एक गाठ धरते, तीच औषध असते, ती निघू द्यायची नाही. आणि काही म्हणजे काही लावायचं नाही.

पहिला दिवस तुळसाबाईनं सगळं पाळलं. थंड दूध प्याली, मऊ भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती मला घेऊन न्हाणीत गेली. मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. तिनं दुसऱ्या बाजूनं घासायला सुरुवात केली, पण बोट आपोआप दुखऱ्या जागेकडे गेलं. तीस वर्षांची वाट होती ती. मग सवयीनं ती तीनदा जोरात थुंकली. तिसऱ्या वेळी फरशीवर पिकल्या जांभळासारखी एक गाठ पडली. तुळसाबाई त्या गाठीकडे पाहत राहिली. मग तिनं तांब्याभर पाणी ओतून ती वाहून लावली आणि मला साबणाच्या मागे नेहमीच्या कोनाड्यात लपवलं.

तिसऱ्या दिवशी ठणका सुरू झाला. चौथ्या दिवशी तो कानात गेला, कानशिलात गेला. तोंडाला वास यायला लागला. तुळसाबाई भिंतीला डोकं टेकून बसली होती आणि एकच गोष्ट पुटपुटत होती, सुखीचं झालं तेच मले झालं. रुपाली ऑटो आणायला धावली. घरात आजी आणि सात वर्षांची उर्वशी दोघीच उरल्या.

आता एक गोष्ट मला सांगावी लागेल, जी मी इतका वेळ तुमच्यापासूनही लपवली. खोटं फक्त तुळसाबाईच बोलली असं नाही.

उर्वशी न्हाणीत आली. टाचा उंच करून तिनं साबण बाजूला केला. शोधावं लागलं नाही तिला. तिनं मला उचललं, आजीसमोर नेलं आणि झाकण फिरवून उघडलं.

“आजी, हे लाव ना. माहा दात हालत होता तवा मी लावलं होतं. गरगर होते, मंग दुखत नाही.”

होय, ती करंगळी माझ्या ओळखीची होती. उन्हाळ्यात ती तीनदा माझ्यात बुडाली होती. एकदा पोरीला उलट्या झाल्या, तर सगळे म्हणाले ऊन लागलं. मला माहीत होतं ते ऊन नव्हतं. मी डबी आहे, मला बोलता येत नाही, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली होती.

तुळसाबाईनं गालावरचा हात काढला. ठणका होता तो जागीच होता, पण तिचं तोंड आता वेगळ्याच भीतीनं पांढरं पडलं होतं. आपला जीव जाईल अशी भीती तिला पुष्कळ दिवसांपासून होती. ही भीती त्याहून मोठी होती. किती वेळा लावलं, असं तिनं पोरीला विचारलं. पोरीनं तीन बोटं दाखवली. तुळसाबाईनं माझं झाकण घट्ट लावलं, मला कमरेला खोचलं आणि ऑटोचा आवाज येताच पोरीचा हात धरून उठली. हिला कशाला, असं रुपालीनं विचारलं तर तिनं पोरीलाच आधी ऑटोत बसवलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं खुर्चीकडे हात केला. तुळसाबाई बसली नाही. तिनं मला काढलं आणि चिमटे-आरशांच्या ट्रेमध्ये सगळ्यांसमोर ठेवलं.

“खोटं बोललो बाई मी. तीस वर्षं झाले. माहं मंग पाहा. आधी या पोरीचं तोंड पाहा.”

रुपालीच्या हातातली पिशवी खाली पडली. उर्वशी त्या मोठ्या खुर्चीत बसली, तिचे पाय अधांतरी लोंबत होते. डॉक्टरीणबाईनं दिवा वळवला, ओठ उचलून पाहिले, गाल पाहिले, जीभ पाहिली. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती म्हणाली की पोरीचं तोंड स्वच्छ आहे. तुळसाबाई तिथंच स्टुलावर बसली आणि तोंडात जखम असताना जसं रडता येईल तसं रडली.

मग रक्ताची गाठ निघाल्यानं उघडी पडलेली तिची जखम धुतली गेली आणि औषधात बुडवलेली एक पट्टी आत बसवली गेली. त्या औषधाचा वास खोलीभर पसरला, आणि मी दचकले. तो लवंगेचा होता. तीस वर्षांनी मी माझा पहिला वास घेतला.

निघताना डॉक्टरीणबाईनं मला रिकामी करून, धुऊन परत दिलं. तुळसाबाईनं हात मागे घेतला.

“इथंच राहू द्या बाई. घरी नेली तं मी भरीन.”

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ते खरं होतं. रुपाली त्या दिवशी सासूशी एक शब्दही बोलली नाही. पुढे पंधरा दिवस बोलली नाही, असं मी नंतर ऐकलं. मात्र मिठाचं कोमट पाणी दिवसातून पाच वेळा तिनंच पुढे केलं.

महिन्याभरानं जखम भरली, पण चट्टा गेला नाही. डॉक्टरीणबाईनं त्याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट वाचताना मी दवाखान्यातल्या कपाटावरून सगळ्यांचे चेहरे पाहत होते. कॅन्सर नाही, पण पुढे होणार नाही असंही नाही. दर तीन महिन्यांनी तोंड दाखवायचं आणि गुडाखूला हात लावायचा नाही. तुळसाबाई तेव्हापासून चारदा आली. प्रत्येक वेळी खुर्चीत बसताना तिचा हात कमरेला जातो, रिकामा परत येतो, आणि दिवा लागला की ती आणि मी दोघीही घाबरतो.

आता मी त्याच कपाटावर असते. कुणी नवीन बाई येते आणि निंबाची काडी घासतो म्हणते. डॉक्टरीणबाई वाद घालत नाही, नुसती माझ्याकडे पाहते. थोड्या वेळानं ती बाईही पाहते आणि पदराची गाठ सोडायला लागते. मागच्या खेपेला उर्वशी सोबत होती. तिचा समोरचा नवा दात अर्धा आला आहे. तिनं मला ओळखलं, आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन धरून ठेवले.

मित्रांनो, इतर सगळे शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला ते म्हणायचं नाही. तुमच्या घरातही साबणाच्या मागे, गहू ठेवता त्या कोठीच्या आड, आजीच्या कमरेला माझी एखादी बहीण असेल. तिच्यात बोट बुडवू नका आणि ती पाहिली हे लपवूही नका. आजीचा हात धरा, तिला उजेडात न्या आणि तोंड उघडायला सांगा. ती घाबरेल. तरी हात सोडू नका. आणि मला रिकामीच राहू द्या.