काळं नाणं

वडिलांनी आम्हा दोघा भावांना चांदीची एकसारखी जुनी नाणी दिली होती. माझं मी वीस वर्षं दर रविवारी दंतमंजनाने घासून लखलखीत ठेवलं. धाकट्याने आपलं पुडीत कोंबलं ते कोंबलंच. पहिल्यापासूनचा लाडोबा!

आज दोन्ही घेऊन मी पारख्याकडे गेलो. भिंगातून बघत तो म्हणाला, "हे घासून घासून वाया घालवलंय, नुसत्या चांदीचा भाव येईल. हे काळं मात्र जसंच्या तसं आहे. याला वीसपट मिळतील."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी धाकट्याने विचारलं, "काय म्हणाला, दादा?"

"तुझं फारच काळं पडलंय म्हणाला," मी दंतमंजनाचा डबा उघडला. "थांब, घासून देतो."