चार मण उचलायचा पोशाख

प्रकाशा गावात चुनीलाल शिंप्याला नावं ठेवणारा माणूस अजून जन्माला आलेला नव्हता, असं खुद्द चुनीलालच सांगत असे. त्याची शिवण म्हणजे दगडावरची रेघ. कापड विरून जाईल, पण टाका जागचा हलायचा नाही. लोक म्हणत, नवरा-बायकोची गाठ एक वेळ सुटेल, चुनीलालची शिवण सुटायची नाही. हे कानावर आलं की तो मशीनवरून मान न उचलता नुसता हुंकार देई आणि मग दिवसभर खुशीत पाय मारत बसे.

आणि त्याच शिवणीनं दोधूची कंबर मोडली होती. हे मात्र चुनीलालनं कोणाला सांगितलं नव्हतं.

दोधू हा छबूबाई सुईणीचा एकुलता एक मुलगा. बाप कधीच वारलेला. दिवाळीनंतर कपाशीचा हंगाम सुरू झाला की तो तालुक्याला जिनिंगमध्ये हमालीला जाई. गेल्या दसऱ्याला त्यानं हौसेनं अर्धी चड्डी शिवायला टाकली, कॅलेंडरवरच्या पहिलवानाच्या अंगात असते तशी, मांडीला चिकटून बसणारी. खाकी ड्रिलचं नवंकोरं कापड. बसता-उठता मोकळं वाटावं म्हणून दोन पायांच्या मध्ये एक चौकोनी तुकडा घालतात, तो चुनीलालनं गाळला, कारण त्यानं झोळ दिसतो. चड्डी झाली मोठी झोकदार. हंगामाच्या तिसऱ्या दिवशी दोधू सरकीचं पोतं उचलायला खाली बसू लागला आणि चड्डी मांड्यांत अडकली. मग त्यानं गुडघे ताठ ठेवून नुसतं कमरेतून वाकून पोतं ओढलं. पाठीत काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि त्याला चौघांनी उचलून घरी आणलं. चार महिने तो खाटेवर होता.

गाव म्हणालं, नजर लागली. चुनीलालही मान डोलवून म्हणाला, हो, नजरच. पण फाल्गुनात छबूबाईनं ती चड्डी पिशवी शिवायला म्हणून आणून दिली, तेव्हा त्यानं ती उजेडात धरून पाहिली. मांडीवर ड्रिल ताणून चकचकीत झालं होतं आणि शिवणीचा एक धागाही तुटलेला नव्हता. ती शिवण फाटली असती तर जिनिंगमधले लोक दोन दिवस हसले असते आणि दोधूची कंबर शाबूत राहिली असती. चुनीलालनं पिशवी शिवून दिली आणि तोंड शिवलं. त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं नाही.

आता पुन्हा दसरा आला होता. हमालांच्या टोळीचा मुकादम भाईदास दसऱ्याच्या आदल्या दिवशी मारुतीच्या तालमीत माणसं निवडत असे. निवडीची रीत त्याचीच होती. तीन वर्षांपूर्वी गावात पिठाची गिरणी आली आणि बायकांनी जाती परसात टाकली. तालमीतल्या पोरांनी त्यातले वरचे सहा दगड उचलून आणले, पाथरवटाकडून भोकं मोठी करून घेतली आणि मोडक्या गाडीच्या लोखंडी आखावर तीन इकडे, तीन तिकडे चढवले. वजन भरलं चार मणांच्या वर. तो आख जमिनीवरून उचलून ताठ उभं राहायचं आणि भाईदास बिडी पेटवून पहिला झुरका घेईपर्यंत धरून ठेवायचा. वाऱ्यानं काडी विझली तर ते तुमचं नशीब.

दोन हंगाम घरी बसलेल्या हमालाला तिसऱ्या हंगामात कोणी विचारत नाही. दोधूला हे ठाऊक होतं. या वेळी आख उचलला नाही तर सुरतेकडे गिरणीत जायचं, आणि छबूबाईनं एकटीनं राहायचं. ती तर प्रकाशाबाहेर निघायला तयार नव्हती.

आठ दिवस आधी दोधू दुकानाच्या पायरीवर येऊन बसला.

“चुनीलालआप्पा, काय घालू ते सांग. लंगोटवर उचलं ते आख पायनी नळीनी चामडी काढी टाकस. धोतर घालं ते काष्टा आखमा गुंतस. तूच काहीतरी शिवीसन दे.”

चुनीलालला ती खाकी चड्डी आठवली. नाही म्हणायला तोंड नव्हतं आणि हो म्हणायला छाती नव्हती. शेवटी त्यानं फीत गळ्यात टाकली, मशीनवर फडकं घातलं आणि आयुष्यात पहिल्यांदा भर दिवसा दुकान बंद करून तो गिऱ्हाइकाच्या मागोमाग तालमीत गेला.

तिथे त्याला पहिला धडा मिळाला. वीस वर्षं त्यानं उभ्या माणसांची मापं घेतली होती. हात खाली, मान सरळ, श्वास रोखून. माणूस असा उभा राहतो तो फक्त शिंप्यापुढे. दोधूनं दोनच दगड ठेवलेल्या आखापुढे पाय रोवले, खाली बसला, आणि चुनीलालनं त्या बसल्या अंगाला फीत लावली तर मांडी चार बोटं रुंद झालेली, मागची बाजू एक वीत लांब झालेली. आख उठला तेव्हा पाठीचं मांस दोन्ही बाजूंनी बैलाच्या खांद्यासारखं हललं. चुनीलाल फीत हातात धरून उभाच राहिला. एवढं सगळं आपण आजवर कापडात गुंडाळत होतो आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता, याची त्याला लाजही वाटली आणि अचंबाही वाटला.

मग तो कामाला लागला. नवं कापड नको, खळीवर आख घसरतो. त्यानं घरातलं धुऊन धुऊन मऊ झालेलं खादीचं पांघरूण काढलं. त्याची बायको प्रमिलाबाई डोळे मोठे करून बघत राहिली. ढगळ चड्डी, मध्ये तळहाताएवढा चौकोन. पायांच्या नळ्यांना गुंडाळायला गोणपाटाच्या पट्ट्या, आतून जुनं धोतर लावलेल्या. आणि जिथे तो एरवी तीन वेळा शिवण मारी तिथे त्यानं कच्च्या सुताचा एकच टाका घातला. जोर पडला तर शिवण जावी, माणूस जाऊ नये.

प्रमिलाबाई म्हणाली, “हाई काय, बाहुलीनं लुगडं शिवी ऱ्हायनात का? एक शिंक उनी ते फाटी जाई.”

“फाटूदे,” चुनीलाल म्हणाला. वीस वर्षांच्या संसारात हा शब्द तिनं त्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

राहिली कंबर. तिथेच खरी मेख होती. चड्डी घालून, पट्ट्या बांधून दोधू छान बसायचा, पण पाच दगडांवर गेला की उठताना एका जागी थबकायचा. जिथे मागं तुटलं होतं, तिथेच मन वाट बघत बसलेलं. चुनीलालनं ताडपत्रीचा वीतभर रुंद पट्टा केला, दोन बकलं लावली. उभ्यानं तो झकास दिसला. खाली बसताच बरगडीत घुसला. त्यानं तो कापून अरुंद केला, तर तो पोटावर दोरीसारखा रुतला. दसऱ्याच्या दोन दिवस आधी संध्याकाळी छबूबाईच्या अंगणात चुनीलाल तो पट्टा हातात घेऊन हताश बसला होता.

छबूबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

“ठेव तो पट्टा,” ती म्हणाली. “पोट बांधानं काम मन्हं शे, तुन्हं नही. सकायले तालीमपन मी येसू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी निवडीसाठी तालमीच्या दारात निम्मं गाव जमलं होतं. तालमीत बाईनं पाऊल टाकायचं नाही हा जुना नेम, म्हणून छबूबाई उंबऱ्याबाहेर लिंबाखाली उभी राहिली. तिच्या काखेत जुनं नऊवारी होतं, वापरून वापरून पार विटलेलं. तिनं त्याची उभी चार पदरी घडी घातली आणि मुलापुढे उभी राहिली.

“श्वास सोड.”

दोधूनं सोडला. तिनं ओटीपोटापासून सुरुवात केली. पहिला वेढा खालून, दुसरा त्याच्यावर अर्धा चढवून, प्रत्येक वेढ्याला गुडघा त्याच्या कुशीला टेकवून ती कापड ओढत होती. बाळंतिणीचं पोट बांधतात तसंच. सात वेढे झाले. शेवटचं टोक तिनं आतून वर काढलं, उलटं मुरडलं आणि खोचलं.

“आते श्वास ले.”

दोधूनं छाती भरून घेतली तसं लुगडं आतून फुगून आणखी आवळलं. गाठ नाही, बकल नाही, एक टाका नाही. चुनीलालनं पुढे होऊन बोट घालून पाहिलं, तर बोट शिरायला जागा नव्हती आणि तरी काही कुठे टोचत नव्हतं. दोधू खाली बसला, उठला, पुन्हा बसला. लुगडं त्याच्याबरोबर वाकलं. आपण ज्याला विद्या समजत होतो ती या बाईच्या मनगटापुढे पोरखेळ होती.

दोधू आत जायला वळला आणि भाईदासनं हात आडवा धरला.

“छबूमाय, मारुतीना तालीममा बाईनं लुगडं चालाव नही.”

दोधूनं मान खाली घातली. चुनीलालला वाटलं, संपलं.

छबूबाई उंबऱ्यापाशी आली, पण पलीकडे गेली नाही. तिनं आखाकडे बोट केलं.

“त्यामाना तिसरा दगड मन्हा शे, भाईदास. वीस वरीस पीठ दयेल शे मी त्यावर. बाकीना बी बायास्नाच शेत. बायास्ना दगड मारुतीले चालतस, लुगडं चालत नही का?” आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, “तू जल्मना तवय तुन्ही मायनं पोट बी याच हातस्वरी बांधेल शे.”

भाईदासनं सहा दगडांकडे पाहिलं. मग हात बाजूला घेतला आणि खिशातून बिडी काढून ओठात धरली.

“चाल,” तो दोधूला म्हणाला. “धर.”

दोधूनं नव्या टायरच्या चपला काढल्या आणि अनवाणी पाय मातीत रोवले. नळ्या आखाला टेकवल्या. तो खाली बसला, अगदी पूर्ण, आणि चुनीलालच्या शिवणीनं टर्रकन आवाज केला. वीस वर्षांत पहिली शिवण गेली. कोणी हसलं नाही. चुनीलालला इतकं बरं वाटलं की त्याचे डोळे भरून आले.

आख जमिनीवरून सुटला. दगड एकमेकांवर किंचित घासले. नळीवरून गोणपाट खरखरत आख गुडघ्याशी आला आणि तिथे थांबला, त्याच जागी. चुनीलालला दोधूच्या कानामागची शीर दिसत होती. दोधूनं लुगड्याच्या आत दम भरला, सात वेढे एकदम ताठ झाले, आणि तो उठला. उठतच गेला. मांड्या, कंबर, पाठ, खांदे, एकेक करून सरळ झाले आणि सहा घरांची जाती हातात धरून तो माणूस उभा राहिला.

चुनीलालनं देवळात पुष्कळदा हात जोडले होते, पण ते सवयीनं. आज ते आपसूक जुळले. भाईदास बिडी ओठात तशीच धरून बघत होता. काडीपेटी हातात होती आणि काडी ओढायचं तो साफ विसरला होता.

“मुकादम, बिडी,” चुनीलाल कसाबसा म्हणाला.

भाईदास दचकला. पहिली काडी विझली. दुसरी त्यानं दोन्ही तळव्यांच्या आडोशाला धरली. बिडी पेटली, धूर निघाला, आणि दोधूनं आख बाळाला पाळण्यात ठेवावं तसा खाली ठेवला.

“दिवाळीना पाडवाले ये,” भाईदास म्हणाला. “धाकल्या पोऱ्यास्ले बी दाखाड, कसं उचलतस ते.”

गर्दी दोधूला घेऊन मारुतीपुढे गेली. त्याआधी छबूबाईनं लिंबाखाली त्याचं पोट सोडलं होतं आणि ती लुगडं झटकत होती. चुनीलाल तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. फाल्गुनापासून गिळलेलं आता गिळवेना.

“छबूमाय, दोधूनी कंबर मन्हामुये मोडनी. ती चड्डी मी...”

“माले माहित शे,” ती म्हणाली. “पह्यलाच दिनले मी त्याले तेल चोळं. मांडीवर शिवनना वण उठेल व्हतात.”

“मंग बोलनी काबर नही?”

छबूबाईनं लुगड्याचं एक टोक त्याच्या हातात दिलं, घडी घालायला.

“मी बोलती ते तू लाजेमुये मन्हा पोऱ्यानं माप परत कधीच लिधं नसतं,” ती म्हणाली. “आनि गावमा शिंपी एकच शे.”