लालासाहेबांचा अबोला

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका इस्पितळात डॉक्टर धैर्यशील तापाचा पेशंट बघायला जायचे ते स्थळ बघायला निघाल्यासारखे. कोटाला कडक इस्त्री, केस चापून बसवलेले आणि मनात एकच आस, या खेपेला तरी काही देखणं निघू दे. पडदा सरकवावा, तर पलीकडे साधा डेंग्यू. त्यांचं तोंड कडू व्हायचं. साध्या डेंग्यूवर आता लेख छापतो कोण?

आणि लेख तर हवाच होता. एका छापील लेखावाचून त्यांची प्राध्यापकी अडली होती. मागून आलेले पुढच्या खुर्चीत जाऊन बसले होते. साताऱ्याला तापाच्या अजब रूपांवर परिषद भरणार होती. तिथं जी केस सरस ठरेल ती छापून येणार होती. त्यामुळे सांगलीकरांनी आजारी कसं पडावं याबद्दल साहेबांच्या काही अपेक्षा होत्या. हिवताप यावा, पण डोळ्यांत उतरून यावा. विषमज्वर व्हावा, पण गुडघ्यातून. लोक मात्र पुस्तकात लिहिल्याबरहुकूम आजारी पडत आणि पुस्तकात लिहिल्यासारखेच बरे होऊन घरी जात. कृतघ्न कुठले!

अशात लोणंदकडचे निवृत्त सुभेदार लालासाहेब दाखल झाले. नातीच्या बारशाला म्हणून लेकाकडे आले आणि पाळणा हलायच्या आधी स्वतःच खाटेला लागले. ताप असा, की कपाळावर भाकरी भाजावी. तपासण्या झाल्या. डेंग्यू नाही, हिवताप नाही, विषमज्वरही नाही. धैर्यशीलांच्या छातीत सनई वाजायला लागली.

"काय होतंय, सुभेदार?"

म्हातारा छताकडे बघत राहिला.

"कुठं दुखतंय?"

मिशीचा केससुद्धा हलला नाही.

"तुमी मनावर घिऊ नका, डॉक्टर," पायथ्याशी बसलेल्या धोंडुबाई, सुभेदारांच्या मंडळी, म्हणाल्या. "आमच्यात अबोला हाय."

"कुणाचा?"

"बापलेकाचा. आजा फौजेत, बाप फौजेत, आन ह्यो आमचा विश्वजीत हितं केकचं दुकान टाकून बसला. तवापासनं बोलत न्हाईत."

"मग घरात चालतं कसं?"

"ह्यो गावाकडं आला की म्हशीला सांगत्यात. 'म्हशे, तुझ्या धन्याला म्हणावं मोटर बंद कर.' ती रवंथ करती, ह्यो मोटर बंद करतो. लय गुणाची हाय."

"पण माझ्याशी कसला अबोला?"

"लेकानं आणलं न्हवं तुमच्याकडं? तुमी त्याच्या बाजूचे."

सनई थांबली. अबोल्यावर लेख छापत नसतात. धैर्यशीलांनी कागदावर 'रुग्ण सहकार्य करत नाही' असा शेरा मारला आणि हाताखालच्या डॉक्टर फिरदोसकडे केस सोपवून टाकली.

दुपारी वॉर्डातल्या मावशींच्या हातून स्टीलच्या ताटांची चवड निसटली. कोपऱ्यातलं मूल किंचाळलं, समोरचा पेशंट सलाईनसकट उठून बसला, धैर्यशीलांचं पेन उडून बादलीत पडलं. लालासाहेबांची पापणी लवली नाही.

"सर," फिरदोस हळूच म्हणाली, "यांना ऐकू येत नसावं."

"फिरदोस, फौजी माणूस आहे. तोफांची सवय असते."

एवढं बोलून साहेब दुसऱ्या इस्पितळात दुसरं स्थळ बघायला निघून गेले.

त्या संध्याकाळी विश्वजीतनं बापाचे पाय धरले. "आबा, चुकलं माझं. तुमाला इचारल्याबिगर दुकान टाकलं. पर मला बंदुकीचं भ्या वाटायचं, आन त्ये सांगायचं तुमचं भ्या वाटायचं." एवढं बोलता बोलता गडी घामाघूम झाला. बाप पंख्याकडं बघत होता. विश्वजीत उठून बाहेर गेला. "दगड हाय त्यो, आई," म्हणाला.

फिरदोस मात्र त्या दगडाला पायापासून डोक्यापर्यंत तपासत बसली होती. कमरेचा करदोडा जरा वर सरकवला, तर खाली विडीचा चटका बसावा तशी काळी खपली. दुखत नव्हती, म्हणून कुणाला सांगितली नव्हती.

"बारशाला यायच्या आधी हे काय करत होते?" तिनं धोंडुबाईंना विचारलं.

"बांधावरचं गवात काढत व्हते. पाळण्याला जायचं तर रान साफ करून जाईन, म्हणाले."

गवतातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याचा हा चावा. ताप त्याचाच, स्क्रब टायफस, आणि क्वचित तो कानांवरही उतरतो. फिरदोसनं त्याच दिवशी औषध सुरू केलं.

ताप ओसरला तसे आवाज एकेक करून माघारी आले. आधी पंख्याची घरघर आली, मग खिडकीतल्या साळुंकीची शीळ, मग फाटकातली रिक्षा, आणि सगळ्यांत शेवटी, जरा बिचकतच, धोंडुबाई.

"आवं, ऐकू येतंय का?"

"म्हंजे तुमी बोलत व्हता?" लालासाहेब उठून बसले. "मला वाटलं, बायकूपासनं डॉक्टरापतुर समद्यांनीच माझ्याशी अबोला धरलाय. नुसती तोंडं हलवून चिडवत्यात. म्हटलं, धरा. मी बी सुभेदार हाय!" मग लेकाकडं वळून, "तू त्या दिशी पाय धरून काय म्हणत व्हतास रं?"

"न्हाई आता. एकदाच म्हणायचं व्हतं, आबा. संपलं."

"मग म्हशीला तरी सांग."

ही बातमी कानावर पडताच धैर्यशील धावत वॉर्डात आले आणि फिरदोसच्या हातातले कागद त्यांनी आपल्या हातात घेतले. केस युनिटची असते, नाव प्रमुखाचं असतं, असं त्यांनी तिला समजावलं. तिनं बटण दाबून स्लाइड पुढं सरकवायच्या, एवढं ठरलं.

साताऱ्याचं सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत छातीवर पदकं लावून लालासाहेब, शेजारी नव्या लुगड्यात धोंडुबाई. सुभेदारांनी फिरदोसला शब्द दिला होता, म्हणून आले होते. धैर्यशील रंगात आले होते. पडद्यावर काळी खपली चमकली, टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी विचारलं, बहिरेपण इतकं लवकर कसं ओळखलंत?

धैर्यशील नम्रपणे हसले. "नजर असावी लागते. ताटं पडली, वॉर्ड दचकला, सुभेदार शांत. मी तिथल्या तिथं आमच्या फिरदोसला म्हटलं, बघ, यांना ऐकू येत नाही."

पहिल्या रांगेतून लालासाहेब ताठ उभे राहिले.

"डॉक्टर," म्हणाले, "मला आता समदं ऐकू येतंय बरं का."

मागच्या रांगेतून हसू फुटलं आणि पुढपर्यंत आलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "मग कळलं कुणाला, सुभेदारसाहेब?"

"ह्या पोरीला. आमची मंडळी तवा पायथ्याशीच बसली व्हती, तिनं समदं सांगितलंय मला. आन तोफांचं काय म्हणाले व्हते, त्ये बी ह्या पोरीलाच इचारा."

अध्यक्षांनी माइक फिरदोसकडे द्यायला सांगितला. ती वर आली आणि हातातलं बटण ठेवायला जागा शोधू लागली. जागा नव्हती. तिनं ते धैर्यशीलांच्या हातात ठेवलं.

"पहिल्यापासून घेऊ या," ती माइकवर म्हणाली. एक ओळ झाली, दुसरी झाली. पडद्यावरची स्लाइड जागची हलेना.

"पुढची, सर."