भरीव आवाज

इंजिनिअर बाईंनी शिडीच्या चौथ्या पायरीवर उभं राहून छतावर हातोडी मारली, कान दिला, वीतभर सरकून पुन्हा मारली. खाली शिडी धरून उभ्या असलेल्या थापीकाकांना निकाल त्यांच्याआधीच कळला होता.

"भरीव," ते म्हणाले.

"भरीव," बाई म्हणाल्या आणि 'दुरुस्तीची गरज नाही' या रकान्यात त्यांनी खूण केली. ओळीतलं हे आठवं घर.

नऊ घरांची ही ओळ चाळीस वर्षांपूर्वी एका दमात ओतली होती आणि ओतताना कुणीतरी खारट वाळू वापरून मोकळं झालं होतं. आता काँक्रीटच्या पोटातल्या सळया गंजून फुगत होत्या, छतांचे टवके पडत होते. शेवटी सरकारने चूक मान्य केली. ज्या घरात दोष सापडेल त्याचं छत उतरवून नवं घालून मिळणार होतं, तेही सरकारी खर्चाने. मात्र तपासणी एकदाच. भेग दिसली किंवा हातोडीखाली पोकळ आवाज आला, तरच यंत्राने आतला नमुना काढायचा. नाहीतर घर यादीतून कायमचं बाद.

इथेच ओळीने घोळ घातला. दोन महिन्यांपूर्वी नोटीस आली, तसं सगळ्यांनी थापीकाकांना बोलावणं धाडलं. सरकारी माणूस घर बघायला येणार, मग घर बरं दिसायला नको? पाहुण्यांची चाहूल लागली की आपण पसारा कपाटात कोंबतो, तसं या शहाण्यांनी आपापल्या भेगा भरून घेतल्या. काकांनीही मागेपुढे पाहिलं नाही. सैल काँक्रीट खरवडलं, सळया घासल्या, माल दाबून दाबून भरला आणि वर असा गिलावा केला की जोड कुठे आहे हे त्यांचं त्यांनाच शोधावं लागलं असतं. ओळीच्या अडीनडीला त्यांनी आजवर असंच काम केलं होतं आणि चहापलीकडे कुणाकडून काही घेतलं नव्हतं. थापीवरून पडलेलं नाव त्यांना पदवीपेक्षा प्रिय होतं.

आणि आज ओळीतला जाणता माणूस म्हणून तेच बाईंच्या सोबत घरोघर फिरत होते. त्यांच्यासमोर बोलणार कोण?

"बाई, इथे आधी जरा..." आठव्या घरातले निवृत्त ड्रायव्हर म्हणाले, काकांकडे बघून थांबले आणि डोकं खाजवू लागले. "म्हणजे, आता काही नाही. काकांचा हात लागलाय ना."

"लागलाय खरा," काका म्हणाले.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ड्रायव्हर पुटपुटले. काकांनी ते कौतुकातच धरलं.

नववं घर काकांचं. सून कामावर गेली होती. बायको पाच महिन्यांच्या नातीला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. काकांनी शिडी थेट आतल्या खोलीत नेली. दीड महिन्यापूर्वी इथेच ताटाएवढा तुकडा पाळण्यापासून हातभर अंतरावर पडला होता. नात जागीसुद्धा झाली नव्हती. सून मात्र रात्रभर बसून होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच काकांनी काम काढलं आणि उतरताना सांगून टाकलं, आता शंभर वर्षं वर बघायला नको.

बाईंनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हातोडी फिरवली. मग तळहात फिरवला. मग विजेरी आडवी धरून उजेड सोडला, कुठे उंचवटा दिसतो का म्हणून. दिसला नाही.

"हे काम कुणाचं?"

"माझं."

"मी बारा वर्षं छतं बघतेय, काका. असा गिलावा मी पाहिलेला नाही."

आयुष्यभर काकांनी भिंती गुळगुळीत केल्या आणि लोकांनी त्या भिंतींवर कॅलेंडरं टांगली. जाणकार माणसाने थांबून विचारावं, हे आज पहिल्यांदा घडत होतं. त्यांनी मान वर करून आपलं छत पुन्हा एकदा पाहून घेतलं.

बाई खाली उतरल्या, कागद पुढे घेतला. "या खोलीत कोण झोपतं?"

"कुणी नाही," बायको म्हणाली.

काकांनी मान खाली केली. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांनी जमिनीकडे पाहिलं. खोलीच्या मधोमध फरशी रिकामी होती. पाळणा ओल्या गिलाव्यामुळे स्वयंपाकघरात नेला होता, हे त्यांना ठाऊक होतं. तो परत आला नव्हता, एवढं मात्र त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"अगं, गिलावा तर आठ दिवसांत वाळला."

"हो, वाळला."

"मग?"

बायकोने नातीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "तुम्ही इतक्या मनापासून केलं होतंत. कसं सांगायचं हो?"

बाईंचं पेन 'दुरुस्तीची गरज नाही' या रकान्यापाशीच थांबलं होतं. काकांनी एकदा बायकोकडे बघितलं, एकदा नातीकडे.

"ती हातोडी द्या जरा," ते म्हणाले.

ते शिडी चढले आणि हातोडीची टोकदार बाजू छतात घातली. स्वतःचंच काम, सहजी सुटेना. पाचव्या घावाला पहिला टवका निघाला, मग हातभर माल एकदम खाली आला. आत सळई उघडी पडली. मुळात करंगळीएवढी जाड, आता जेमतेम सुतळीएवढी उरलेली. काकांनी नखाने खरवडली तशी तिचे पापुद्रे बाईंच्या कागदावर पडले.

"तुम्हाला ठाऊक होतं?" बाईंनी विचारलं.

"गंज ठाऊक होता. माझा गिलावा धरून ठेवील, असं वाटलं होतं." ते खाली उतरले आणि बायकोला म्हणाले, "पाळणा आहे तिथेच राहू दे."

बाईंनी शेजारच्या रकान्यात खूण केली आणि बाहेर यंत्रवाल्याला हाक मारली. मग घड्याळ पाहिलं. साडेतीन झाले होते.

"आणि ती आठ घरं? सगळी छतं तर मी फोडू शकत नाही. कुठे कुठे भरलंय, आठवतंय का?"

"चला," काका म्हणाले. शिडी त्यांनीच उचलली.

ड्रायव्हरच्या घरात पलंग भिंतीला इतका खेटवला होता की कपाटाचं दार अर्धंच उघडत होतं. पलंगाच्या जुन्या चार पायांच्या खुणा खोलीच्या मध्यावर तशाच होत्या. काकांनी त्या खुणांवर बोट दाखवलं आणि ड्रायव्हरने मान फिरवली. सातव्या घरात शिलाईमशीन बोळात येऊन बसलं होतं, तिथे दिवसासुद्धा दिवा लावून शिवावं लागत होतं. सकाळी याच बोळातून काका अंग चोरून आत गेले होते, छताकडे बघत.

सहाव्या घरात जेवणाचं टेबल दाराला टेकून होतं आणि चौथी खुर्ची बाहेर ओट्यावर. मधली फरशी स्वच्छ, मोकळी. घरातली सगळी माणसं भिंतीच्या कडेकडेने उभी होती.

"कुठे बघू?" छतावर विजेरी फिरवत बाईंनी विचारलं. "इथे तर काहीच दिसत नाही."

काकांनी वर पाहिलंच नाही. ते त्या मोकळ्या फरशीवर जाऊन उभे राहिले.

"इथे," ते म्हणाले. "शिडी इथे लावा."